शोफरचं मूळ

शहरातल्या वाचनालयातल्या एका कारकुनाच्या लग्नाला सात वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द काही बाहेर पडला नव्हता. सासरे पस्तीस वर्षं कारखान्याच्या मालकांची गाडी चालवत आलेले. जावयाला गाडी सोडा, सायकलही सरळ चालवता येत नाही, हे त्यांचं ठाम मत. (मत चुकीचं नव्हतं.) आज त्यांचा निरोप समारंभ होता. बाकीचे लोक फुलं देतील, आपण 'शोफर' या शब्दाची वंशावळ काढून द्यायची, असं जावयाने मनाशी पक्कं केलं. एकदा ती ऐकली की सासरे गारच होणार होते.

निघायच्या तासभर आधी बायकोने वडिलांचा पितळी बटणांचा कोट त्याच्या हाती दिला, नुसती इस्त्री फिरव म्हणाली आणि आवरायला गेली. त्याने एका हातात इस्त्री धरली, दुसऱ्या हातात शब्दकोश. एवढं तर कोणालाही जमेल.

शब्द फ्रेंच निघाला. आणि अर्थ चालवणारा नव्हेच, तापवणारा! वाफेच्या इंजिनाची भट्टी पेटती ठेवायचा तो शोफर. गडी खुलला. फ्रेंचच्या मागे जुनी फ्रेंच, तिच्या मागे लॅटिन, आणि तिथे 'गरम' नि 'करणे' यांची जोडी. इथे थांबला असता तर कोट वाचला असता. पण लॅटिनलाही आजी असणारच, तिला भेटल्याशिवाय परत कसं फिरायचं? आजी सापडली तेव्हा खोलीत धूर झाला होता.

कोटाच्या पाठीवर इस्त्रीएवढा तपकिरी डाग उठला होता. बायकोने कपाळाला हात लावला.

"बाबांना तूच सांग," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. सासऱ्यांनी कोट उलटसुलट करून पाहिला आणि तसाच अंगात चढवला. पाठ भिंतीकडे ठेवलीत की झालं, कुणाला कळणारसुद्धा नाही, असा जावयाने वर त्यांनाच धीर दिला.

भाषण झकास झालं. फ्रेंच झाली, लॅटिन झाली, आजीही येऊन गेली. शोफर म्हणजे तापवणारा, हे त्याने ठणकावून सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या माना डोलल्या. मग सासरे माइकपाशी आले.

"आमचे जावई म्हणाले ते अगदी बरोबर आहे."

सात वर्षांत पहिल्यांदाच! जावयाची छाती फुगली. त्याने वळून बायकोकडे पाहिलंसुद्धा.

"मी आपली पस्तीस वर्षं नुसती गाडी चालवली," सासरे पुढे म्हणाले. "आमच्या घरातले खरे शोफर हेच." आणि ते सावकाश लोकांकडे पाठ करून उभे राहिले.