जाऊबाईंचा कापूस

टेलरबाईंच्या दुकानात एकच नियम होता: नमुना आणल्याशिवाय काम घ्यायचं नाही. गिऱ्हाईक तोंडानं सांगतं एक, मनात असतं दुसरंच, आणि कपडा हातात पडला की त्याला तिसरंच आठवतं. त्यापेक्षा अंगाला नीट बसलेला जुना कपडा आणा, हुबेहूब तसा शिवून देते, असं त्या ठणकावून सांगत. या नियमामुळे दुकानात कधी वादावादी झाली नाही. जे काही रामायण घडलं ते दुकानाबाहेर, आणि तेही याच नियमापायी.

दुकानाच्या कोपऱ्यात जाऊबाई उभ्या असत. जाऊबाई म्हणजे टेलरबाईंच्या स्वतःच्या मापाची डमी. थोरल्याच्या वेळी दिवस गेले, त्याच सुमारास नवराबायकोनं ती घरीच बनवली होती. जुन्या टीशर्टवरून अंगाला चिकटपट्ट्या गुंडाळायच्या, ते कवच पाठीवर कापून अलगद काढायचं, आत कापूस भरायचा आणि तिवईच्या दांड्यावर बसवायचं. टेलरबाईंना खरी जाऊ नव्हती. तुलना करायला घरात कोणीतरी हवं ना, म्हणून नवऱ्यानं थट्टेत हे नाव ठेवलं, आणि पुढे ते चांगलंच खरं झालं.

कारण मध्ये दोन बाळंतपणं झाली. दोन्ही पोरं मनसोक्त अंगावर प्यायली. धाकटीचं अंगावरचं सुटलं तेव्हा टेलरबाईंनी हौसेनं स्वतःसाठी एक कुर्ता शिवायला घेतला. तो जाऊबाईंना असा चपखल बसला की बघत राहावं. टेलरबाईंनी घातला तर छातीशी ही मोठी झोळ. आरशात पाहिलं तर पूर्वीचं काही जागेवर नव्हतं. सगळं कसं पीठ संपलेल्या पिशवीसारखं खाली बसलेलं. दिवसभर दुसऱ्यांना "छान बसलाय हो" म्हणणाऱ्या या बाईनं त्या दिवशी ट्रायल रूमचा पडदा ओढला आणि आत उभं राहून ती रडली.

घरी विषय काढून पाहिला. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्यानं कंप्रेसरमधून मान वर न करता "छान दिसतेस की" असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "चार पोरं पाजली मी. आमच्या वेळी कोण बसलं होतं आरशात बघत?" मग टेलरबाईंनी कोणाला न सांगता छाती उचलून घेण्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. ऑपरेशन करायचंच असं ठरलं नव्हतं. पण निदान विचारायला काय हरकत आहे?

आता प्रश्न होता तो नमुन्याचा. डॉक्टरीणबाईंना तोंडानं काय सांगणार? "पूर्वीसारखं" म्हणजे कसं, हे त्यांना कसं कळणार? जन्मभर ज्या नियमावर दुकान चाललं तो इथं मोडायचा म्हणजे काय. टेलरबाईंनी जाऊबाईंना तिवईसकट घरच्या निळ्या चादरीत वरपासून खालपर्यंत गुंडाळलं, टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्वतः पुढं बसल्या. या गडबडीत खुर्ची पडली, दुकान उघडं राहिलं आणि फोन कापडाच्या ढिगाखाली गेला.

धाकटीला कडेवर घेऊन सासूबाई दुकानात आल्या, तर हे दृश्य. खुर्ची उताणी, दिवा चालू, ढिगाखाली फोन वाजतोय आणि सूनबाईंचा पत्ता नाही. जाऊबाई जागेवर नाहीत हे अशा वेळी कोणाच्या ध्यानात येणार? त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्यानं सांगितलं की बाई घाईघाईनं हॉस्पिटलला गेल्या. एवढं ऐकल्यावर त्याच टॅक्सीत बसून तिघं हॉस्पिटलकडे निघाली.

तिकडे हॉस्पिटलात टेलरबाईंनी जाऊबाईंना बाकावर निजवलं आणि त्या नाव सांगायला खिडकीशी गेल्या. तेवढ्यात एका तत्पर वॉर्डबॉयला दिसलं, की बाकावर पेशंट पडलाय, तोंडावरूनही पांघरूण आहे आणि हालचाल नाही. त्यानं दुसऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून पेशंटला स्ट्रेचरवर घेतलं आणि तातडीच्या विभागाकडे निघाले. पेशंट फारच हलका झालाय, असं एक जण हळहळून म्हणालासुद्धा.

नेमके त्याच वेळी नवरा आणि सासूबाई दारातून आत आले. समोरून स्ट्रेचर आलं. त्यावरची चादर निळी होती आणि तिच्या कोपऱ्याला सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेलं ठिगळ होतं. नवऱ्यानं स्ट्रेचरचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, तो वॉर्डबॉयला सोडवेना.

"असं नको ना गं करूस," तो रडत म्हणाला. "तू सांगत होतीस आणि मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

"मग आता बघा," मागून आवाज आला.

त्यानं वळून पाहिलं. टेलरबाई हातात नंबराची चिठ्ठी घेऊन उभ्या होत्या. त्यानं इतकं पोटभर पाहिलं, की त्याच लाजल्या. वॉर्डबॉयनं चादर बाजूला केली, आत डोकंच नाही हे बघून तो मागच्या मागे दोन पावलं सरकला, आणि धाकटीनं टाळ्या पिटून जाऊबाईंना ओळख दिली.

नंबर आला तेव्हा सगळेच आत गेले. आता लपवायचं काय उरलं होतं? डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड टेलरबाईंना तपासलं, मग बाहेर येऊन जाऊबाईंनाही चहूबाजूंनी न्याहाळलं. पोरांना पाजल्याचा यात फारसा दोष नाही, त्वचा ताणली जाते ती गरोदरपणातच, असं त्यांनी समजावलं. ऑपरेशन करता येतं, व्रण मात्र राहतात, आणि आणखी मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्यावं. घाई कसलीच नाही.

"पण तुमचा हा नमुना जमायचा नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं उचलून भागणार नाही, भरपूर भर घालावी लागेल. तुमच्या हाडापेराची बाई अशी कधीच नसणार."

"अहो, ही मीच आहे. लेकरं व्हायच्या आधीची."

त्यावर नवरा खोकला. पुन्हा खोकला. फ्रिजचं बिल जास्त लावल्यावर त्याचा जसा चेहरा होई तसा आता झाला होता.

"त्या दिवशी तुला मळमळायला लागलं आणि तू जाऊन पडलीस," तो म्हणाला. "कापूस मीच भरला. तर एक पिशवी उरली. म्हटलं, वाया कशाला घालवायची?"

"आणि भरली कुठं?"

सगळ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं.

टेलरबाईंनी पर्समधून टेप काढली. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईचं माप त्यांनी घेतलं होतं. एवढ्या वर्षांत जाऊबाईंना मात्र टेप लावली नव्हती, कारण आपलंच माप आपण काय घ्यायचं? आता लावली. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ट्रायल रूममधल्या पाण्यापेक्षा ते वेगळं होतं. जी कधी नव्हतीच तिच्यासाठी त्या इतके दिवस झुरत होत्या.

ऑपरेशनचं बघू, सवडीनं ठरवीन, आणि ठरवलं तर माझं मी ठरवीन, असं डॉक्टरीणबाईंना सांगून त्या उठल्या. डॉक्टरीणबाईंनाही ते पटलं. सगळे बाहेर पडले तरी सासूबाई मात्र दाराशी रेंगाळल्या. त्यांनी आवाज खाली आणला.

"सहज विचारते हो," त्या म्हणाल्या, "हे आमच्या वयाच्या बायकांचंही करता का?"

घरी येऊन टेलरबाईंनी जाऊबाईंची पाठ उसवली, टेपवर आपलं आताचं माप येईपर्यंत जादा कापूस उपसला आणि त्याची धाकटीला उशी करून दिली. उरलेल्या जाऊबाईंवर नवा कुर्ता बेतला. तो दोघींनाही सारखा बसला. नवऱ्यानं न सांगता मान वर केली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक तरुण गिऱ्हाईक आलं. नमुना आणायला विसरले, असं ती ओशाळून म्हणाली. मग कोपऱ्यातल्या जाऊबाईंकडे बोट दाखवून म्हणाली, हिला बसेल असं शिवा, आवळून घालीन मी.

टेलरबाईंनी टेप गळ्यातून काढली.

"तिचं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू हात वर कर बघू."