छेदातले चौदा दाते

एकतीस वर्षं मी स्किफ कोव्हच्या शाळेत अपूर्णांक शिकवले. अख्ख्या न्यूफाउंडलंडमध्ये अपूर्णांकांवर माझ्याएवढी हुकमत कुणाची नाही, असं मी निरोप समारंभात म्हणालो होतो, आणि माझी बायको मर्टल सोडली तर कुणीही हसलं नव्हतं. तेव्हा माझ्या बाईकचा घोटाळा गणितामुळे झाला असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. निदान माझं ऐकून होईपर्यंत तरी!

बाईक म्हणजे चार जाड टायरांची एटीव्ही, चेनवर चालणारी. यंदा चार वर्षांनी आम्हाला सोडतीत मूस मारायचा परवाना लागला, तोही मर्टलच्या नावावर. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. त्याला पाडणं सोपं, दलदलीतून घरी आणणं कठीण. जो ओढायला येईल त्याला मांडीचा वाटा द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. गेल्या खेपेला सेल्विन आला होता आणि त्याने नेलेली मांडी मी अजून विसरलेलो नाही. सेल्विन माझा जुना विद्यार्थी, आता गावचा मेकॅनिक. अपूर्णांकात मी त्याला नेमाने शून्य द्यायचो आणि वहीवर लाल शाईने लिहायचो, ‘पुन्हा सोडवून दाखव. पालकांची सही आण.’

यंदा त्याची गरजच ठेवायची नाही, असं मी ठरवलं. वीस इंची टायर काढून बावीस इंची बसवले. बाईक काय रुबाबदार दिसायला लागली! पण साध्या चढावर धापा टाकायला लागली. टायर चांगले, इंजिन चांगलं, मग दम जातो कुठे? माझी झोप उडाली. टायरला खडूची खूण करून मी बाईक अंगणात ढकलत नेली, तेव्हा उलगडा झाला. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, म्हणून दर फेऱ्याला इंजिनावर जास्त भार. टायर एक दशांशाने वाढला, तर स्प्रॉकेटही, म्हणजे चेनचं दातेरी चाकही, एक दशांशाने वाढवायचं. झालं!

आता स्प्रॉकेट दोन. मागचं चाळीस दात्यांचं, ते बदलायचं तर अख्खा आस मोकळा करावा लागतो. पुढचं, इंजिनाजवळचं, तेरा दात्यांचं, एक झाकण आणि दोन बोल्ट. एक दशांश तो एक दशांश, पुढे काय आणि मागे काय! सव्वाचौदा दात्यांचं स्प्रॉकेट कुणी बनवत नाही, म्हणून चौदाचं आणलं. सपाट रस्त्यावर बाईक अशी पळाली की पाद्रीबुवांची मोटार मागे पडली. मर्टलने विचारलं, चढावर बघितलीस का? मी म्हणालो, गणिताला चढ-उतार नसतात.

शनिवारी सकाळी आठला मर्टलने एका गोळीत मूस पाडला. मांस कापून ट्रेलरवर चढवेपर्यंत अकरा वाजले. सप्टेंबर असूनही ऊन कडक आणि माशा हजर. घरी मांस भरून टिकवायच्या चोवीस बरण्या उकळून तयार होत्या. मांस वेळेत पोहोचलं नाही तर हिवाळाभर बरण्याच बघत बसायचं. बेसीच्या टेकडीवर मी जोरात निघालो. अर्ध्यावर क्लचचा जळका वास आला. तिसऱ्या प्रयत्नात बाईक, मी आणि मूस असे तिघेही मागे घरंगळत झुडपात गेलो.

मर्टल दगडावर बसून चहा ओतत होती. सेल्विनला बोलवू का, एवढंच तिने विचारलं.

"पाच मिनिटं थांब. असं का होतंय ते मला कळलंच पाहिजे."

"तुला कळेपर्यंत माशा जेवून उठतील, हेडली."

ती टेकडीवर चढली आणि तिने फोन केला. सेल्विन आपल्या बारा वर्षं जुन्या, बुटक्या टायरांच्या बाईकवरून आला. माझ्या बाईकपाशी उकिडवा बसला आणि त्याने दाते मोजले. मग खिशातून खडू काढून माझ्या नव्या टायरवर लिहिलं, ४०/१३. त्याखाली ४०/१४.

"सर, यातला मोठा कोणता?"

"चाळीस तेरांश," मी म्हणालो.

"पुढचे दाते छेदात जातात, सर. छेद वाढला की ओढ कमी. मोठ्या टायरने कमी केलीच होती, तुम्ही आणखी केलीत. मागे चव्वेचाळीस लावायचे होते." आणि अगदी मऊ आवाजात, "तुम्हीच शिकवलंत."

राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला ते इतकं सुंदर वाटलं की मी त्याला पुन्हा समजावून सांगायला लावलं. मर्टलने थर्मासचं झाकण आपटलं तेव्हा आम्ही उठलो.

सेल्विनने दोन खेपांत मूस घरी पोहोचवला, मग माझी बाईक. संध्याकाळपर्यंत चोवीस बरण्या भरल्या. मांडी त्याने मागितली नाही. मीच दिली, अख्खी.

दुसऱ्या दिवशी चौदाचं स्प्रॉकेट काढायला शेडमध्ये गेलो, तर टायरवर कालच्या गणिताखाली खडूने लिहिलेलं होतं, ‘०/१०. पुन्हा सोडवून दाखवा. पालकांची सही आणा.’

आणि त्याखाली मर्टलने सही केलेली होती.