कोरसने उठवलेलं वादळ

“जुन्या लोकांच्या शब्दांना दात असतात, पोरी. घरात तान्हं लेकरू आहे, तू त्या नाटकाच्या फंदात पडू नकोस,” असं माझ्या सासूबाई, स्तामातिया, मला म्हणाल्या होत्या. मी साहित्यातली पदवीधर. मी हसले आणि बाळ त्यांच्या मांडीवर देऊन तालमीला गेले.

खरं सांगायचं तर बाळ झाल्यापासून आठवड्यातले ते दोन तासच माझे उरले होते, आणि तेही जायची वेळ आली होती. बेटावरची नाटकमंडळी चालवणाऱ्या एव्हान्थियाबाईंनी जाहीर केलं होतं, की यंदाही प्रेक्षक अर्ध्यातून उठून गेले तर मंडळी बंद. आणि ते दरवर्षी जातातच. प्राचीन ग्रीक शोकांतिका, उघड्यावरच्या दगडी पायऱ्या, बुडाला गारठा, बसणार कोण?

यंदा बाईंनी पडदे, तलवारी, लाल रंगाचं रक्त, सगळं काढून टाकलं. जे दाखवायचं ते आम्ही कोरसच्या, म्हणजे एका सुरात गोष्ट सांगणाऱ्या, बारा बायकांनी नुसत्या शब्दांनी दाखवायचं.

प्रयोगाच्या रात्री पहिलं वर्णन आलं ते बुडत्या राज्याचं. राज्य म्हणजे जहाज. लाट त्याला उचलते, क्षणभर वर धरते, सोडून देते. तिसऱ्या लाटेला पुढच्या पायरीवरचा माझा नवरा पांतेलिस पांढराफटक पडला. चौदा वर्षं मासेमारी करतोय, पण त्याला कधी बोट लागली नव्हती. शेजारचा कॅप्टन याकूमिस दगडाला घट्ट धरून डावीकडे कलला, मग उजवीकडे. त्याच्याबरोबर कोळ्यांची अख्खी रांग कलली. शेवटी पांतेलिस तोंडावर हात धरून पायऱ्यांमागे पळाला आणि त्याच्यामागे रांगेतले बाकीचे अकरा कोळी.

वरच्या गावचे धनगर मात्र ढिम्म. त्यांनी समुद्र लांबूनच पाहिलेला. आर्गीरिस धनगर चीज चघळत म्हणाला, “काय रे, दगडावर बसून बोट लागते होय तुम्हाला? उद्यापासून आमच्या शेळ्या न्या जाळं टाकायला.”

निदान हे तरी बसू देत, असं मी मनात म्हणत होते. पण पुढचं वर्णन राजवाड्यात शिरलेल्या शत्रूचं होतं. लांडगा कुंपणाखालून आत आलाय, शेळ्या एका कोपऱ्यात दाटल्यात, कुत्र्याचा आवाज येत नाही. आर्गीरिसचं चघळणं थांबलं.

“फाटक तू लावलंस ना?” त्याने भावाला विचारलं.

“मला वाटलं तू लावलंस.”

दोघं उठले, आणि त्यांच्यामागे सगळं वरचं गाव डोंगर चढायला लागलं. या बेटावर लांडगा कधी नव्हताच, हे कुणालाही आठवलं नाही.

आता उरले फक्त पाद्रीबुवा, तेही कानाने अधू. बुवा, बसा हो, मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात तिसरं वर्णन आलं: डोंगरावर टाकून दिलेलं, नावसुद्धा न ठेवलेलं तान्हं मूल. आमच्या लेकीचा बाप्तिस्मा अजून व्हायचाय. तोवर नाव उच्चारायचं नाही, म्हणून सगळे तिला नुसतं ‘बाळ’ म्हणतात. “रडता रडता ते थांबलंय,” ही ओळ माझी होती. ती मी म्हटली, आणि पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी पांढऱ्या झग्यात, अनवाणी, पाळण्यावर वाकले होते. बाळ चक्क घोरत होतं. खिडकीबाहेरून कोरसमधल्या बाकीच्या आयांचे झगे आपापल्या घराकडे धावत होते.

दुसऱ्या दिवशी, मंडळी संपलीच असं समजून मी माफी मागायला गेले. एव्हान्थियाबाई चुलीवर कॉफी ढवळत होत्या.

“एकतीस वर्षं लोक कंटाळून उठले,” त्या म्हणाल्या. “काल पहिल्यांदा ऐकून उठले. रविवारी परत प्रयोग. पण तू जागची हललीस, तर तुझी जागा दुसरीला देईन.”

म्हणून एक विनंती आहे. रविवारी आलात तर तिसरं वर्णन सुरू होताच तुम्ही हळूच उठा. चर्चमागचं तिसरं घर आमचं. सासूबाईंना सांगा, पाणी प्यायला आलो. खरं कारण कळलं तर त्या महिनाभर बोलायच्या नाहीत. मग पाळण्यात वाकून जरा बघा, श्वास चालू आहे ना. छातीवर हात ठेवू नका, जागी होईल. नाकाशी नुसतं बोट धरा.