खिळा म्हंजी मुक्काम

दर अकरा महिन्यांनी सोपाननाना आपल्या नऊच्या नऊ भाडेकरूंना एकाच दिवशी घराबाहेर काढायचे आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या खोलीत घालायचे. पहिल्या खोलीतला दुसरीत, दुसरीतला तिसरीत, आणि नववीतला सगळं आवार ओलांडून परत पहिलीत. थट्टा नाही करत. चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या पट्ट्यात, त्यांच्या चाळीत आम्ही सात वर्षं काढली. मांजरीनं पिल्लं हलवली नसतील तितक्या वेळा मी माझी शेगडी हलवली.

अकरा महिन्यांचा करार सगळीकडंच असतो, त्यात नवल नाही. बाकीचे मालक करार संपला की म्हणतात, भाडं वाढवा नाहीतर चालते व्हा. आमच्याच गल्लीत करार संपल्याबरोबर माणसांची भांडी रस्त्यावर आलेली मी पाहिली आहेत. नानांचं गणित वेगळं. खोली बदला, नव्या नंबरावर नवा करार करा, आणि राहा पुढचे अकरा महिने.

"एका जागी वरीस काढलं का कूळ लागतं," ते म्हणायचे. "मानूस रुजला का जागा गेली."

आमचे हे कंपनीतून कुणा वकिलाला विचारून आले. वकील म्हणाला, कूळ कायदा शेताचा, भाड्याच्या खोलीला तो लागतच नाही. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "वकिलाच्या बापाची जिमीन गेली व्हती का? मग त्याला काय कळतंय!"

नानांच्या बापाची गेली होती. निम्मं शेत कसणाऱ्याच्या नावावर झालं. उरलेल्या निम्म्यावर पुढं कंपन्या आल्या, आणि त्या पैशातून नानांनी ही पत्र्याची चाळ बांधली. जवळ राहिलं ते एवढंच. म्हणून त्या नऊ खोल्यांवर ते कोंबडी अंड्यांवर बसते तसे बसलेले असायचे.

खोलीपालटाच्या दिवशी नाना अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे. "ए, कपाट आडवं घ्या! गादी आधी, भांडी मागनं!" कुणाचा फ्रीज दारात अडकलेला, कुणाचं पोर कुणाच्या खोलीत झोपलेलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाकडं निदान गॅसची टाकी नसते. मी तोंडानं शिव्या देत असायची आणि नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एकदा तर कहर झाला. गजानन म्हणून एक जण होता, नाइट शिफ्टवाला. खोलीपालट करून तसाच कामावर गेला, सकाळी झोपेतच परत आला आणि सवयीनं जुन्या खोलीत शिरून पलंगावर आडवा झाला. नव्यानं तिथं आलेल्या सुरेखावहिनी पाणी भरून आत गेल्या तर पलंगावर परका पुरुष! त्यांनी किंचाळून चाळ डोक्यावर घेतली. आणि हा शहाणा डोळे न उघडता म्हणतो, "गप की गं, झोपू दे जरा!" पुढं काय झालं ते गजाननाच्या पाठीला विचारा. त्याच्या बायकोनं आठवडाभर त्याला चहा दिला नाही.

नाना मात्र खूश. "बगा! हलवून एक रात न्हाई झाली, आन मानूस जुन्या जागंला चिकटतोय. म्हून तर हलवायचं!"

दुसरं वेड खिळ्याचं. भिंतीला खिळा मारायला सक्त मनाई. कॅलेंडर नाही, घड्याळ नाही, देवाची तसबीरसुद्धा फळीवर टेकवून ठेवायची. "खिळा म्हंजी मुक्काम," नाना बजावायचे. आमच्या ह्यांनी एकदा आरशासाठी चोरून खिळा मारला, तर ठोकल्याचा आवाज ऐकून नाना अनवाणी पळत आले आणि पक्कडीनं उपटून घेऊन गेले. वर मलाच म्हणाले, "तोंड बगायला आरसा कशापाय? मला इचारा, कसं दिसतंय ते सांगतो."

सगळ्या आवारात खिळा एकच होता, नानांच्या स्वतःच्या ओसरीवर. त्यावर नानींचा फोटो. नानी आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. सकाळी मोटार चालू केली की नाना फोटोकडं बघून सांगायचे, "सोडलं गं पानी."

माणूस तऱ्हेवाईक होता, चिक्कू होता, विजेच्या बिलावरून वाद घालायचा. सगळं खरं. पण माझी थोरली झाली तेव्हाची गोष्ट सांगते. मी दवाखान्यातून घरी आले आणि चार दिवसांवर खोलीपालट. आम्ही चौथ्या खोलीत होतो, पाचवीत जायचं होतं. माझ्या टाक्यांतून कळ निघत होती. सासूबाई नानांना विनवायला गेल्या. बाळंतिणीला हलवावं तर जीव होत नव्हता, आणि न हलवावं तर कूळ लागत होतं. दोन दिवस ते नुसते अंगणात येरझाऱ्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी हातात रंगाचा डबा घेऊन आले. माझ्या दारावरचा चार खोडला आणि पाच काढला. शेजारच्या पाचवर चार काढला.

"झालं," ते दाराबाहेरूनच म्हणाले. "खोली हलली. बाळंतीन न्हाई हलली."

तेव्हापासून आमच्या चाळीत तीननंतर पाच आणि पाचनंतर चार यायचा. पार्सलवाली पोरं आम्हाला खुळ्यांत काढायची. मी मात्र त्या दिवसापासून नानांना तोंडावर शिव्या दिल्या नाहीत.

पुढची गोष्ट सांगताना अजून माझा संताप होतो. नानांचा एकुलता एक मुलगा प्रशांत, प्लॉटिंगच्या धंद्यात. पांढरी गाडी, दोन फोन, आणि तोंडात सदा 'डेव्हलपमेंट'. एके दिवशी तो बापाला गाडीत घालून घेऊन गेला. खोल्यांचं सगळं मीच बघतो, तुम्ही आराम करा, म्हणाला. नानांनी कुलमुखत्यारपत्रावर सही केली. आमच्या करारातली ओळ न् ओळ दोनदा वाचून घेणाऱ्या माणसानं तो कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही.

दोन महिन्यांत चाळ बिल्डरच्या ताब्यात गेली. आम्हाला नोटिसा आल्या. आवारातलं नानांचं घरही त्यातच गेलं. नोटीस कशी ती त्यांना मिळालीच नाही. पोराच्या बापाला कोण नोटीस देतं?

शेवटच्या दिवशी सगळी बिऱ्हाडं निघाली, तीही शेजारच्या खोलीत नाही, वाट फुटेल तिकडं. नाना त्याच खुर्चीवर बसले होते, पण हुकूम एकही नाही. मला राहवलं नाही. "नाना, आमच्याकडनं दर अकरा महिन्यांनी कागद करून घेतलात. प्रशांतकडून एखादा घ्यायचा होता!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पोटच्या पोराशी करार असतो व्हय, बाई?"

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथं तर ज्याच्यासाठी घर राखलं तोच फिरला होता.

आता आम्ही मोशीला दोन खोल्यांत राहतो. गेल्या महिन्यात दुपारी दार वाजलं. उघडलं तर नाना. ताथवड्याहून, पोराच्या फ्लॅटवरून, बस बदलत आलेले, हातात कापडी पिशवी. थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी प्यायले, आणि सवयीनं विचारलं, "हितं कितवा म्हैना तुमचा?"

"सहावा चाललाय."

"मंग हाय अजून टाइम," ते म्हणाले.

पोराकडं कसं काय, असं विचारल्यावर भराभर सांगू लागले. फ्लॅट झकास. लिफ्ट हाय. मागची खोली दिली व्हती, आता सासरचे पाव्हणे आलेत म्हून हॉलमधी झोपतो. पाव्हणे गेले का नातवाला अभ्यासाला खोली लागंल. सांगता सांगता थांबले. खोलीपालट कुणाची चालली होती, ते त्यांना कळत होतं आणि मलाही.

मग त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला नानींचा फोटो काढला आणि मांडीवर धरून बसले.

"तिथं भिताडाला डिझाइनचा रंग हाय. सूनबाई खिळा मारू देत न्हाई. गादीखाली ठिवला व्हता, काच तडकली." फोटोच्या काचेवर खरंच एक चीर होती. "तुमच्या भिताडावर ऱ्हाईल का? न्हेमीचा न्हाई. अकरा म्हैन्यांनी घिऊन जाईन."

आमच्या मालकालाही खिळे चालत नाहीत. त्याला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मी पेटीतून एक खिळा शोधला, वरवंटा आणला आणि उंबऱ्यासमोरच्या भिंतीवर, आल्याआल्या दिसेल असा, ठोकायला लागले. दोन ठोके मारून थांबले, तशी मागून नानांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बाई," ते म्हणाले, "जरा खोल मारा."