घर दुपारी बघायचं असतं

माणसं घर बघायला सकाळी जातात, नाहीतर उन्हं कलल्यावर. रंगनाथमामा जातात ते भर वैशाखात, दुपारी अडीचला. आत शिरले की मालकाला रामराम घालायच्या आधी ते पश्चिमेच्या भिंतीपाशी जातात, टोपी काढतात, भिंतीला गाल लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात. मग खिशातून चिंधीत बांधलेला गुळाचा खडा काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात आणि म्हणतात, "एक घंट्यानं येतो. कुलूप लावा. अन् चावी माझ्यापाशी द्या."

तासाने येऊन खडा उचलायचा, उलटासुलटा करून बघायचा, हुंगायचा. बोटाला चिकटला की घर नापास. तीन वर्षांत बावीस घरं नापास केली आहेत, बहुतेक गुळानेच.

मामा आमच्या अंबडच्या गल्लीत, माझ्यापासून चौथ्या दारात, पत्र्याच्या एका खोलीत राहत होते. एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे गावाचेच मामा झाले. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. समोरचा माणूस बिनतिकिटाचा आहे असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. नमस्कार केला तर "काय काम काढलं?" पेढा दिला तर "कशाबद्दल?" आणि पेढा खाऊन झाल्यावरही ते उत्तर त्यांना पटलेलं नसतं.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "बराबर हाय, पण दुपारचं काय?" माझ्या पुतणीला स्थळ आलं होतं. मुलाला नोकरी, घरी बागायत, जालन्यात दोन मजली घर, सगळं मी उत्साहाने सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि पाहुण्यांदेखत विचारलं, "बराबर हाय, पण दुपारचं काय?" मुलाचे वडील संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते. शेवटी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, दुपारचं तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?"

घरांच्या बाबतीत मात्र मामांचा अभ्यास पक्का. ते म्हणायचे, "स्वस्त घर तापतं, गार घर परवडत न्हाई. मधलं घर कुणीतरी दाबून ठेवलंय, सर. ते मी हुडकून राह्यलो."

वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला एकाने स्लॅबचं घर दाखवलं. भाडं माफक, खोली चक्क गार. मामांनी भिंतीला गाल लावला आणि टोपी न घालताच गच्चीवर गेले. वर पोती अंथरून त्यावर पाणी मारलेलं. "रोज मारतो," मालक म्हणाला. "रोज मारता, मंग पोती नवी कशी?" मामा म्हणाले आणि गुळाचा खडा न काढताच परत आले.

जालन्यात एका दलालाने वातानुकूलित फ्लॅट दाखवला. मामा म्हणाले, "खोलीचं भाडं मालकाला, हवेचं भाडं बिलात. म्हणजे एका सीटची दोन तिकिटं." दलालाने हात जोडले.

हसनाबादला तर नवल झालं. मातीच्या जाड भिंतींचं घर, स्वस्तही आणि गारही. गूळ तासाने जसाच्या तसा. मामांचा संशय उलट वाढला. गार असून स्वस्त, म्हणजे काहीतरी आहेच. त्यांनी शेजारी तीन घरी चौकशी केली, साप विचारला, भूत विचारलं, भाऊबंदकी विचारली. काहीच निघेना. शेवटी एका म्हातारीला विचारलं, "दुपारी डॉक्टर पाच मिनिटात भेटंल का?" ती म्हणाली, "डॉक्टर सकाळी येऊन जातो." मामांनी गूळ चिंधीत बांधला आणि परतीची गाडी पकडली.

मला हे सगळं बघून वेगळीच शंका यायची. एकटा माणूस, एक वळकटी, एक स्टोव्ह. याला दोन खोल्या कशाला? बरं, प्रत्येक घरात ते स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहून कमरेखाली हात धरायचे आणि म्हणायचे, "उंच हाय. हात पुरायचा न्हाई." स्वतः मामा सहा फूट! आमच्या घरात यावर जेवताना चर्चा व्हायची. मामांच्या गयामामी तीन वर्षांपूर्वी, आम्ही इथं राहायला यायच्या थोड्याच आधी, मुलाकडे नाशिकला गेल्या त्या परत आल्या नव्हत्या. भांडण झालं असणार, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं. सुनीता, माझी बायको, तिला तर खात्रीच होती. "या वयात मामांचं कुठंतरी जमलंय. बुटकी आहे कुणीतरी."

म्हणूनच आमच्या तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या होऊनही मी मामांजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. नसती भानगड दारात कोण आणणार? शिवाय माझ्या भिंतीला कुणी गाल लावावा हे मला सहन झालं नसतं.

परवाच्या वैशाखात एका दुपारी त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं टपाल द्यायला गेलो. दार लोटलेलं होतं. वर पत्रा तडतडत होता. खोलीत पाय ठेवताच भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं झालं. मामा ओला पंचा डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होते.

"इथं? इथं गारच हाय. आत्ताच चादर घेऊन पडलो व्हतो... न्हाई न्हाई, तू येऊ नको एवढ्यात, नाशिकलाच ऱ्हा. घर बघून राह्यलो ना! ओटा बुटका बघतो, तुझा हात पुरंल असा... गोळी घेतली का?"

मागे वळले तर दारात मी. बिनतिकिटाचा प्रवासी धरला जावा तसा चेहरा झाला त्यांचा. मलाही कुठे बघावं ते कळेना. बुटकी बाई सापडली होती आणि तिच्याबद्दल मी तीन वर्षं नको ते बोलत होतो.

मामांनी पंचा खाली घेतला. "नाशिकला मी बी गेल्तो, सर. हवा लई गार. पण पोराच्या दोनच खोल्या. मी हॉलमदी निजायचो, अन् मी उठल्याबिगर सुनेला खोलीचं दार उघडता येईना. मोठी जागा घ्यायची तर पोराचा अर्धा पगार जातो. मी आलो परत."

"आणि मामी?"

"तिला आणता येत न्हाई." ते पत्र्याकडे बघत राहिले. "तीन सालाखाली याच खोलीत ती पडली, ऊन लागून. डॉक्टर म्हणला, पत्र्याखाली पुन्हा ठेवू नका. सकाळी मी घरीच असायचो, सर. संध्याकाळी बी घरीच. दुपारी पारावर पत्ते खेळायला गेल्तो. सावलीला. चांगला डाव पडला म्हणून घंटाभर जास्ती बसलो."

मला एकदम सगळी बावीस घरं दिसली. हसनाबादची म्हातारी दिसली. आणि आपल्या रिकाम्या खोल्यांची लाज वाटली.

"मामा, आमच्या खालच्या खोल्या बघा," मी म्हणालो. "वर मजला आहे, पश्चिमेला कडुलिंब आहे. समोर डॉक्टर."

मामांनी डोळे बारीक केले. "कवापासून रिकाम्या हायत?"

"दिवाळीपासून."

"मंग आजच कसं सांगितलं?"

मी घाईने भाडं सांगितलं, तर शंका आणखी वाढली. "इतकं कमी? वरून काही गळतं का?" पण दुसऱ्या दिवशी अडीचला आले. गाल लावला. ओट्याशी हात धरला, तो बराबर बसला. खडा ठेवला. चावी मागितली, मी दिली. दुसरी चावी माझ्याकडे असते हे काही मी सांगितलं नाही.

पाऊण तासाने मला राहवेना. हळूच कुलूप उघडलं. लिंबाच्या फांद्यांतून उन्हाची एक तिरीप नेमकी कट्ट्यावर आली होती. खडा उचलला तर बोटाला चिकटला. आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडलेला मी मास्तर, वर आमच्या स्वयंपाकघरात पळालो, डब्यातला तेवढाच कोरडा खडा आणून ठेवला आणि चिकट झालेला तोंडात टाकला.

मामा आले. खडा उचलला, उलटा केला. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. "बराबर," एवढंच म्हणाले आणि तिथंच आगाऊ भाडं काढून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मामी येणार होत्या. मामा कट्ट्यावर लिंबाच्या बाजूने गोणपाटाचा पडदा ठोकत होते. खिळा तोंडात धरून म्हणाले, "तिरीप इथून येती, न्हाई का?"

"कुठली तिरीप?"

त्यांनी खिशातून आपला कंडक्टरचा जुना पितळी बिल्ला काढला. "गुळाला मी खालून याचा ठसा मारतो. सर, लोकं लई चलाख असतात. तुम्ही ठेवलेल्या गुळाला ठसा नव्हता."

माझे कान गरम झाले. "मग घर घेतलंत कशाला?"

"लोकांनी पोती भिजवली ती भाड्यासाठी. तुम्ही भाडं कमी करून वरून गूळ बदलला. म्या लई इचार केला. यात तुमचा फायदा काय, ते काही केल्या सापडंना." खिळा ठोकून झाला. "मंग म्हणलं, दुपारी नजर ठेवणारं माणूस वरच राहतं. थोडं गरम असलं तरी चालंल."

मामी आल्या त्या नेमक्या टळटळीत दुपारच्या गाडीने. मामा छत्री घेऊन दीड तास आधीच स्टँडवर जाऊन उभे होते. मामी खरंच मामांच्या कोपराएवढ्या. उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे आधी गूळ-पाणी देतात. सुनीता आणायला उठली, तर मामांनी तिला हातानेच थांबवलं. कट्ट्यावरचा खडा आणि माठातलं पाणी त्यांनी स्वतः मामींपुढे ठेवलं. इतकी वर्षं घरं नापास करणारा गूळ पहिल्यांदा खाण्यासाठी बाहेर आला होता.

मामींनी गूळ खाल्ला, पाणी पिऊन पदराने तोंड पुसलं आणि भिंती, ओटा, पडदा सगळं डोळ्यांखालून घातलं.

"घर बरं हाय," त्या म्हणाल्या. "पण दुपारचं काय?"

मामा त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसले.

"दुपारी मी हाय की," ते म्हणाले.