पाठ घोड्यांकडे

त्या दिवशी मळभ होतं, वारा पडलेला होता, आणि सकाळी दहाच्या सुमारास माझा धाकटा भाऊ झिलू हद्दीवर झाड झाला.

त्यात विशेष काही नाही. आमच्या सड्यावर, या कातळमाळावर, राखणपंथाची तीच रीत आहे. पंथातला माणूस म्हातारा झाला की हद्दीवर उभा राहतो, त्याला मुळं फुटतात, आणि त्याच्या पाठीमागची जमीन राखीव होते. जमीन आणि तिच्यावरची रानघोडी. तोंड बाहेर, पाठ घोड्यांकडे, एवढाच नियम.

झिलू तिथंच चुकला. मुळं नुकती फुटत होती आणि मागं पांढऱ्या पायांची घोडी खिंकाळली. ती शिंगरू असल्यापासून तो तिला हातावर मीठ चाटवायचा. तो वळला, आणि तसाच धरला गेला.

दुपारी मोजणीचे खानविलकर साहेब आले. झाडाभोवती फिरून त्यांनी साल चाचपली.

"बाबा, हे नाक ना?"

"हो साहेब."

"मग तोंड आत आहे. पाठीमागं तुमचं गाव येतं. म्हणजे गाव राखीव झालं आणि कुरण मोकळं."

"घोडीनं हाक मारली हो त्याला."

"हाकेची नोंद करायला माझ्याकडे रकाना नाही." साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी झिलूच्या बुंध्याशी बसूनच कागद पुरा केला. "दुसरा माणूस उभा करा. सोमवारी चिरेखाणवाले ट्रक आणतायत. घोडी भरून नेतील आणि कुरण खणायला घेतील."

पंथात मी एकटाच उरलो होतो.

शेजारच्या आवडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "झिलूभाऊजींनी बरं केलं. आता माझी चूल राखीव. वाळकी काटकी मोडायची तरी अर्ज द्यायला हवा!" मग डोळे पुसत आत गेल्या.

अंगात मीठ असेल तर मुळं धरत नाहीत. तीन दिवस अळणी खावं लागतं. मी त्याच संध्याकाळी मीठ सोडलं, तरी सोमवार उजाडलाच. पहाटे झिलूच्या शेजारी उभा राहिलो. तोंड बाहेर. आमची तोंडं दोन दिशांना, खांदे मात्र लागलेले.

मुळं गुडघ्याला येईपर्यंत माणूस कायद्यानं झाड होत नाही. माझी घोट्याशी होती, तेव्हा ट्रक बाजूच्या वाटेनं वर गेले. मागं टापा वाजल्या, माणसं ओरडली. मी पायांना म्हटलं, चला रे, लवकर चला. म्हातारी मुळं. त्यांनी त्यांचा वेळ घेतला.

दुपारी साहेबांनी माझा गुडघा मोजला. "तोंड बाहेर. बरोबर आहे. या क्षणापासून कुरण राखीव."

थोड्या वेळानं ट्रक खाली गेले. वर ताडपत्री बांधलेली होती. तोवर माझी मान वळेनाशी झाली होती.

संध्याकाळी आवडाबाई कळशीभर पाणी घेऊन आल्या. अर्धं झिलूच्या बुंध्याशी ओतलं, अर्धं माझ्या. मागं काहीच वाजत नव्हतं. साल हनुवटीला लागली होती, तरी मी विचारलं, "आवडाबाई, घोडी आहेत ना?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रिकामी कळशी कमरेला लावून त्या म्हणाल्या, "आहेत हो सगळी. तुम्ही आपले समोर बघा."