मधुसूदनरावांचा रोजचा किल्ला

नानासाहेब आगाश्यांचं पत्र शनिवारी दुपारी आलं आणि मधुसूदन पुराणिकांचा चहा निम्मा बशीत सांडला. पत्रात वाईट असं काहीच नव्हतं. "दिल्लीचं काम आटोपून परतताना गुरुवारी सकाळी सातला झाशीस उतरतो. संध्याकाळच्या गाडीने पुढे जाईन. आपला किल्ला प्रथमच पाहण्याचा योग येत आहे. आपण रोज पहाटे जिथे फेरी मारता, ती प्रत्येक जागा आपल्याच तोंडून ऐकायची आहे."

"दादा येतोय! मग तुमचं तोंड का उतरलं?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"अगं यार, मी किल्ला आतून कधी बघितलाच नाहीये."

अनुसूयाबाई खाली बसल्या. हसू आवरायला त्यांना पदराची मदत घ्यावी लागली.

पुराणिकांचं घर दतिया गेटजवळ होतं आणि गच्चीत कपडे वाळत घालताना समोर किल्ला दिसायचा. मधुसूदनरावांचा जन्म त्याच घरातला, नोकरी झाशीतच, रेल्वेच्या कचेरीत. शाळेची सहल किल्ल्यावर गेली तेव्हा त्यांना गोवर आला होता. पुढे रोज जाऊ म्हणता म्हणता पन्नाशी आली. किल्ला काय, कुठे पळून जातोय?

पळून गेला नाही, पण पत्रांत मात्र जाऊन बसला. बावीस वर्षांपूर्वी नानासाहेबांनी बहिणीच्या लग्नाला कडाडून विरोध केला होता. असल्या दूर मुलखात मुलगी दिली तर ती सणवार विसरेल, मराठी विसरेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या समाधानासाठी नव्या जावयाने पहिल्याच पत्रात लिहून टाकलं की आम्ही इथे इतिहास जगतो, मी रोज पहाटे किल्ल्यावरच्या गणपतीला फूल वाहून मगच कचेरीत जातो. नानासाहेब विरघळले. ते पत्र त्यांनी पुण्यात चार लोकांना वाचून दाखवलं. मग दर पत्रात थोडा थोडा किल्ला घालणं मधुसूदनरावांना भागच पडलं.

"आता दादाला कळलं की हे सगळं खोटं, तर तो म्हणेल, मी तेव्हाच सांगत होतो," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"बिलकुल म्हणणार! बावीस वर्षांची इज्जत जाईल. उद्या रविवार आहे. आपण आधी जाऊन सगळं बघून ठेवू."

शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय नको म्हणून रविवारी दोघं खरेदीच्या पिशव्या घेऊन निघाले. टांगा आधी सदर बाजाराकडे नेला आणि तिथून वळवून किल्ल्याकडे आणला. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. किल्ल्याला तिकीट लागतं, ही बातमी मधुसूदनरावांना दारातच समजली.

आत शिरल्यावर पहिल्याच तोफेपाशी त्यांनी वही काढली.

"अहो, आधी गणपती कुठे ते शोधा. रोज फूल वाहता ना?"

"हळू बोल ना, परेशान नको करू!"

एवढं मराठी कानावर पडताच एक उंच, मिशाळ गृहस्थ लगबगीने पुढे आले. गळ्यात मफलर, काखेत जाडजूड वही. "नमस्ते जी! जगन्नाथ गाइड. आप महाराष्ट्र से आए हैं न?"

मधुसूदनरावांनी त्यांना ओळखलं. रोज संध्याकाळी हे गृहस्थ दतिया गेटच्या पानाच्या दुकानावर उभे असत. आपण पलीकडच्या गल्लीतले, असं सांगावं तर रात्रीच्या आत सगळ्या मोहल्ल्याला कळणार.

"जी हाँ," ते घाईने म्हणाले, "पूना से."

"अरे वाह! शुभ नाम?"

पुराणिक म्हणावं तर झाशीत ते नाव माहीत असलेले निम्मे लोक निघतील. बावीस वर्षं पाकिटांवर लिहिलेलं एकच पुण्याचं नाव त्यांच्या जिभेवर होतं. "नानासाहेब आगाशे. सदाशिव पेठ."

अनुसूयाबाईंना जोराचा खोकला आला.

"तो आप हमारे मेहमान हुए," जगन्नाथजी म्हणाले आणि पुढचे दोन तास त्यांनी खरोखरच जीव ओतला. तोफ, गणपती, महादेव, पंचमहाल, राणीने घोड्यावरून उडी घेतली म्हणतात तो तट. मधुसूदनराव आधी वहीत टिपत होते, नंतर टिपायचं विसरले. तटावरून शहर बघताना त्यांना आपल्याच घराची गच्ची दिसली. आपण इतकी वर्षं इथे आलो नाही याची त्यांना मनापासून लाज वाटली.

निघताना जगन्नाथजींनी आपली जाडजूड वही पुढे केली. "दो लाइन लिख दीजिए साहब, अपनी भाषा में."

भारावलेल्या मधुसूदनरावांनी लिहिलं, "किल्ला आज प्रथमच पाहिला. धन्य झालो." खाली नाव घातलं, नानासाहेब आगाशे, पुणे.

आता एकच भीती उरली होती, जगन्नाथजी पुन्हा भेटण्याची. ते अकराच्या आधी येत नाहीत, हे मधुसूदनरावांनी दारावरच्या माणसाकडून काढून घेतलं होतं. गाडी सातला आली, आठला नाश्ता झाला, नऊला किल्ला, की साडेदहाला सगळे घरी. बेत चोख होता. फक्त गुरुवारी गाडी सातला आली नाही. आठला आली नाही, नऊला आली नाही. रेल्वेच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस फलाटावर रेल्वेच्या नावाने बोटं मोडत होता. साडेदहाला नानासाहेब उतरले आणि म्हणाले, "नाश्ता नको, मधुसूदनराव. आधी किल्ला!"

दारात जगन्नाथजी उभेच होते. ते दोन्ही हात पसरून धावत आले.

"अरे नानासाहेबजी! आप अभी तक पूना नहीं लौटे?"

नानासाहेब जागच्या जागी थबकले. "तुम मेरेको कैसे पहचानता है?"

"आपको नहीं साहब, इनको! ये पूना के नानासाहेबजी हैं. आप इनके साथ आए हैं?"

मधुसूदनराव तोफेकडे बघू लागले. बत्ती असती तर त्यांनी स्वतःच तोंडाशी उभं राहून ती लावून घेतली असती. अनुसूयाबाई म्हणाल्या, "दादा, ऊन फार आहे, आपण आधी घरी जाऊ या का?" पण तोवर जगन्नाथजींनी अभिमानाने वही उघडली होती. नानासाहेबांनी चष्मा लावला. ते टपोरं, उजवीकडे कललेलं अक्षर ते बावीस वर्षं वाचत आले होते. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. "प्रथमच" या शब्दावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

मग त्यांनी वही मिटली. "चलो, दिखाओ," एवढंच ते म्हणाले.

सगळा किल्ला झाला, घरी जेवण झालं, पण नानासाहेबांनी त्या वहीचं नावही काढलं नाही. मधुसूदनरावांना पानातली पुरणपोळी गोड लागेना. त्यापेक्षा ते चार शब्द रागाचे बोलले असते तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी गाडी फलाटाला लागली. नानासाहेब खिडकीत बसले. मधुसूदनरावांनी गज धरले. "नानासाहेब, त्या पत्रांचं जरा..."

"पत्रं सुंदर असतात तुमची. लिहीत जा." नानासाहेब खाकरले. "आणि आता तुम्ही दोघं पुण्याला या. शनिवारवाडा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मी स्वतः दाखवीन."

मधुसूदनरावांचा जीव भांड्यात पडला. "जरूर येऊ! दिवाळीत येतो."

"या की. फक्त महिनाभर आधी पत्र टाका. एकदम येऊन उभे राहू नका."

"महिनाभर कशाला?" मधुसूदनरावांनी भाबडेपणाने विचारलं.

नानासाहेब पाण्याचा तांब्या शोधू लागले. अनुसूयाबाईंनी भावाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. सदाशिव पेठेतल्या त्या घरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या आणि तिथलं कुणी कधी शनिवारवाड्यात पाऊल टाकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

शिट्टी झाली. त्या खिडकीशी वाकल्या.

"दादा, महिना नाही लागत रे. एक रविवार पुरतो."

नानासाहेबांनी घाईघाईने खिडकी खाली ओढली.